वसई बेटावरील धर्मग्रामे : भूगोल, गोडे पाणी आणि ग्रामीण वारसा

बीजसंज्ञा : वसई बेट, धर्मग्राम, बावखल, शूर्पारक, उत्तर कोकण, सामवेदी, वाडवळ, वारसा-संवर्धन.

प्रस्तावना

बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. जमीन काळी व सुपीक, परंतु भूगर्भातील पाणी खारट, अशी या पट्ट्याची स्थिती आहे. लोणार येथे खाऱ्या पाण्याच्या सरोवराच्या काठावरच गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आणि तिच्याभोवती तीर्थ व मंदिरे उभी राहिली आहेत. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या शेजारी गोडे पाणी टिकविणे म्हणजे काय, हे या प्रदेशातील वाचकास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. हाच प्रश्न महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, अरबी समुद्राच्या काठावर, निराळ्या स्वरूपात उभा राहिला आणि तेथील समाजाने त्याचे उत्तर शोधले. वसई बेट हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वसईचा इतिहास म्हटला की सामान्यतः दोन घटना डोळ्यांसमोर येतात. एक, इ.स. १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय आणि दुसरी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह. या दोन्ही घटना किल्ल्याशी व राजसत्तेशी निगडित आहेत. किल्ल्याबाहेर पसरलेल्या वाड्यांचा, विहिरींचा, चर्चच्या घंटेवर दिवस मोजणाऱ्या शेतकऱ्यांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या ग्रामीण वसईचा विचार केला आहे. ‘पॅरिश’ या संज्ञेसाठी वसईच्या मराठीत ‘धर्मग्राम’ हा अर्थवाही शब्द रूढ आहे. एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती, तिची जमीन आणि तिचे सामूहिक जीवन असा तिन्ही अर्थांचा बोध या एका शब्दातून होतो.

सत्ता बदलल्या, राज्यकर्त्यांनी उभारलेले नगर ओस पडले, तरी त्यांच्याच काळात स्थापन झालेली धर्मग्रामे का टिकली, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१) वसई बेटाच्या भौगोलिक रचनेचा व तेथील पाणी-व्यवस्थेचा परिचय करून घेणे.
२) धर्मग्रामांच्या उभारणीचा व इ.स. १७३९ नंतरच्या त्यांच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३) भूगोल आणि सांस्कृतिक वारसा यांच्यातील परस्परसंबंध तपासणे.
४) नागरीकरणामुळे या वारशापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. भूगोलातील मूलभूत सिद्धांतांचा उपयोग ऐतिहासिक प्रश्नाच्या उकलीसाठी केला आहे.

१. वसई बेटाची भौगोलिक रचना

आजच्या नकाशात वसई हे बेट म्हणून ओळखू येत नाही. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई तालुका त्यात समाविष्ट झाला. तालुक्याच्या दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदीचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगररांगा आहेत. या डोंगरांच्या व किनाऱ्याच्या मधून पूर्वी सोपाऱ्याची खाडी वाहत होती. ही खाडी वैतरणेस व वसईच्या खाडीस जोडणारी असल्यामुळे तिच्या पश्चिमेकडील सखल भूभाग चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला होता. त्यालाच वसई बेट म्हटले जात असे.

मुंबईची सात बेटे समुद्रात भराव टाकून माणसाने जोडली. वसईच्या बाबतीत हे कार्य प्रामुख्याने गाळाने केले. डोंगरावरून येणाऱ्या प्रवाहांचा गाळ खाडीत साचत गेला, खाजणे उथळ झाली, त्यांवर बांध घालून खारजमीन भातशेतीखाली आली, काही भागांत मिठागरे झाली आणि पुढे रस्ते व लोहमार्ग यांच्या भरावांनी उरलेले पाणी अडविले. बेटाचे बेटपण अशा रीतीने शतकानुशतके हळूहळू लोपले.

या बेटाची रचना स्थूलमानाने तीन पट्ट्यांत मांडता येते. समुद्राला लागून पुळणीचा व मासेमारीचा पट्टा आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव ही गावे त्यात येतात. त्याच्या आत वाळूमिश्रित, पाणी सहज मुरणाऱ्या जमिनीचा बागायती पट्टा आहे; आगाशी, नंदाखाल, वटार, निर्मळ, गास, सांडोर ही गावे या पट्ट्याशी संबंधित आहेत. त्याच्या पूर्वेस सखल, चिकण जमिनीचा भातशेतीचा व मिठागरांचा पट्टा असून पावसाळ्यात तो पाण्याने भरतो. बेटावरील जुन्या धर्मग्रामांपैकी बहुतेकांची चर्च मधल्या बागायती पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

२. गोड्या पाण्याची व्यवस्था : विहीर, रहाट आणि बावखल

समुद्राने वेढलेल्या सखल भूभागात बागायत होणे हे वरवर पाहता आश्चर्यकारक वाटते. त्याचे स्पष्टीकरण भूजलशास्त्रात मिळते. पावसाचे गोडे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते व भिंगाच्या आकाराचा गोडा थर तयार होतो. घायबेन आणि हर्झबर्ग या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतानुसार, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी असेल त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. अर्थात, पातळी एक मीटर असेल तर तिच्या आधाराने खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहते. मात्र हा नियम उलट दिशेनेही तितकाच खरा आहे. उपसा वाढून पातळी अर्ध्या मीटरने उतरली, तर खालून खारे पाणी सुमारे २० मीटर वर सरकते. खाऱ्या झालेल्या विहिरी पुन्हा गोड होण्यास दीर्घकाळ लागतो.

वसईच्या शेतकऱ्याने हा सिद्धांत पुस्तकातून शिकला नव्हता, परंतु त्याची पाणी-व्यवस्था या नियमास धरूनच विकसित झाली होती. तिचे तीन घटक होते. पहिला घटक उथळ विहिरीचा. दुसरा, बैल वा रेडा जुंपून चालविल्या जाणाऱ्या रहाटाचा. रहाटाची गती मर्यादित असल्यामुळे उपसाही मर्यादित राहत असे. तिसरा घटक ‘बावखल’ हा होय. वाडीत खोदलेल्या या जलाशयात पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी उतरते, भूगर्भातील झरेही त्यास येऊन मिळतात आणि साठलेले पाणी मुरत राहून जमिनीखालील गोडा थर भरून काढते. बावखलाचे पाणी बागेला मिळते, त्यातील मासे घरी उपयोगी पडतात, काठच्या झाडांना ओलावा राहतो आणि अतिवृष्टीच्या दिवसांत गावाचे पाणी सामावून घेण्याचे कामही तेच करते. सिंचन, पुनर्भरण आणि पूरनियंत्रण ही तिन्ही कार्ये एकाच खड्ड्याने करावीत, ही या व्यवस्थेची विशेषता आहे.

याच पाण्यावर वसईच्या केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, ऊस, भाजीपाला व फुलशेती उभी राहिली. आगाशी परिसरात राजेळी जातीची केळी सोलून, उन्हात वाळवून ‘सुकेळी’ तयार केली जातात. निर्मळच्या कार्तिकी यात्रेत सुकेळ्यांची विक्री होते. शंकराचार्यांच्या समाधिमंदिरामुळे व तलावांमुळे निर्मळ हे हिंदूंचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे, तर त्याच गावात ख्रिस्ती धर्मग्रामही आहे. तीर्थ आणि धर्मग्राम यांची पाळेमुळे एकाच जलसमृद्ध भूमीत असल्याचे यावरून दिसून येते.

३. शूर्पारक : धर्मग्रामांपूर्वीचे बेट

वसई बेटाचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. बेटालगतचे सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील महत्त्वाचे बंदर होते. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आढळतो. इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप प्रकाशात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच येथे सापडला. पुढे इ.स. १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आज ज्या भुईगावात ख्रिस्ती वस्ती आहे त्याच गावात सम्राट अशोकाची आज्ञा कोरलेला दगड सापडावा, यातून या भूमीवरील सांस्कृतिक थरांची कल्पना येते.

ख्रिस्ती धर्माचा या भागाशी आलेला संबंधही पोर्तुगीजपूर्व आहे. इ.स. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांचा वध झाला. त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस याने त्यानंतर सोपारा परिसरात काही काळ कार्य केले. त्याच्या लेखनातून चौदाव्या शतकातील पश्चिम भारताची माहिती मिळते. तथापि धर्मग्रामांची सुसंघटित रचना मात्र सोळाव्या शतकातच निर्माण झाली. तोपर्यंत सोपारा बंदर गाळाने निकामी होत जाऊन व्यापाराचे केंद्र दक्षिणेकडे वसईच्या खाडीच्या मुखाशी सरकले होते. बंदर हलले, पण मागील बागायती पट्टा तेथेच राहिला.

४. पोर्तुगीज अमदानी आणि धर्मग्रामांची उभारणी

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या अमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. किल्ल्याच्या आत राजवाडे, मठ व चर्च असलेले संपन्न नगर वसले. किल्ल्याबाहेरील गावे पोर्तुगीज खानदानांना व धार्मिक संघांना ठरावीक खंडणीवर, बहुधा तीन पिढ्यांच्या मुदतीने, दिली जात. प्रत्यक्ष जमीन कसणारे कुणबी, वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी हे मात्र तेथील मूळ रहिवासीच होते.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सिस्कन संघाचे अंतोनियो दो पोर्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पुढे जेझुइट व डॉमिनिकन संघांनी बेटावर धर्मप्रसार केला. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, सांडोर, पापडी, रमेदी, माणिकपूर येथील धर्मग्रामे या कालखंडात आकारास आली. माणिकपूरचे संत मायकल चर्च इ.स. १६०६ चे मानले जाते. या प्रक्रियेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. राजसत्तेच्या पाठबळाने मंदिरे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावर निर्बंध आले आणि धर्मांतरामागे श्रद्धेबरोबरच दडपण व सवलतींचे आमिष हे घटकही कार्यरत होते. निर्मळसारख्या तीर्थक्षेत्रास या धोरणाची झळ बसली. वारशाचा अभ्यास करताना या वस्तुस्थितीवर पडदा टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

धर्मांतराने उपासना बदलली, परंतु जात, बोली, शेती व नातेसंबंधांची चौकट मोठ्या प्रमाणावर कायम राहिली. सामवेदी व वाडवळ या दोन्ही समाजांत आजही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन शाखा आहेत. याच भूमीतील गोन्सालो गार्सिया हे इ.स. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मले. फ्रान्सिस्कन बंधू म्हणून ते जपानमध्ये गेले व ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. इ.स. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. एका लहान बेटाचा पूर्व आशियाशी असा संबंध जोडला गेला.

५. इ.स. १७३९ : सत्तांतर आणि धर्मग्रामांचे टिकणे

इ.स. १७३७ पासून मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम उघडली. त्याच वर्षी अर्नाळा किल्ला त्यांच्या ताब्यात आला. फेब्रुवारी १७३९ पासून चिमाजी अप्पांनी वसईस वेढा दिला आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या प्राणहानीनंतर मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. पोर्तुगीज लष्कर, खानदानी कुटुंबे व युरोपीय धर्मगुरू बेट सोडून गेले. किल्ल्यातील नगर हळूहळू ओस पडले. वसईच्या चर्चमधील घंटा देशावर नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, मेणवली व भीमाशंकर येथे त्या आजही पाहावयास मिळतात. मराठी अमदानीत निर्मळच्या मंदिरांचा जीर्णोद्धार होऊन तीर्थाचे महत्त्व पुन्हा प्रस्थापित झाले.

यानंतर या बेटावरील ख्रिस्ती समाज नामशेष होईल, असे मानण्यास जागा होती. किल्ल्यातील चर्चची छपरे कोसळली व त्यांत झाडे उगवली. परंतु किल्ल्याबाहेरील धर्मग्रामे टिकली. त्याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण राजकीय होते. शरणागतीच्या अटींनुसार मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपल्या धर्माचे पालन करण्याची मुभा देण्यात आली होती. मराठ्यांचे युद्ध पोर्तुगीज सत्तेविरुद्ध होते, जमीन कसणाऱ्या रयतेविरुद्ध नव्हते, असे या अटींवरून दिसते.

दुसरे कारण संघटनात्मक होते. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यानंतर गोमंतकीय धर्मगुरूंनी धर्मग्रामांची जबाबदारी सांभाळली. परकीय संघांच्या मठांपेक्षा गावातील चर्च साधे होते, त्याचा खर्च मर्यादित होता व तो गावकऱ्यांच्या आवाक्यातला होता.

तिसरे कारण भौगोलिक असून ते आजवर पुरेसे विचारात घेतले गेलेले नाही. किल्ल्यातील नगर व्यापारावर, खंडणीवर आणि आरमारावर जगत होते. सत्ता जाताच त्याचा आधार गेला. धर्मग्राम मात्र बागायतीवर जगत होते. केळी आणि पानवेलीची बाग ही एका हंगामाची शेती नव्हे. तिच्या मागे विहीर, रहाट, बावखल, बांध आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट असतात. अशी जमीन सोडून जाणे शेतकऱ्यास परवडणारे नव्हते आणि अशा रयतेला उठविणे महसुलाच्या दृष्टीने नव्या सत्तेसही हिताचे नव्हते. पाण्याची ही व्यवस्था कोणा एका राज्यकर्त्याने बांधलेली नसल्यामुळे राज्यकर्ता गेल्याने ती मोडली नाही. तिच्यावर उभे असलेले धर्मग्रामही त्यामुळे मोडले नाही, असे अनुमान काढता येते.

६. इंग्रजी अमदानी : रेल्वे, बाजारपेठ आणि धर्मप्रांत

डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई जिंकली, परंतु सालबाईच्या तहानंतर ती मराठ्यांना परत मिळाली. पेशवाईच्या अस्तानंतर इ.स. १८१८ मध्ये बेटावर इंग्रजी अंमल स्थिर झाला. या कालखंडात बेटाच्या जीवनावर सर्वाधिक परिणाम केला तो लोहमार्गाने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि एप्रिल १८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी उपनगरी गाडी सुरू झाली. वसईची केळी, भाजी, फुले, पाने व दूध मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. बेटावरील पाणी अशा रीतीने भाजीपाल्याच्या रूपाने मुंबईस पोहोचत होते, असे म्हणता येईल.

धर्मव्यवस्थेच्या क्षेत्रात हा काळ गुंतागुंतीचा होता. पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाचा अधिकार यांच्यातील संघर्षामुळे मुंबई परिसरातील धर्मग्रामे विभागली गेली. इ.स. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला व वसईची धर्मग्रामे त्याच्या कक्षेत आली. इ.स. १९२८ मध्ये ती मुंबई महाधर्मप्रांतात समाविष्ट झाली. २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. मुंबईच्या छायेतून बाहेर पडून ग्रामीण, मराठीभाषक ख्रिस्ती समाजाची स्वतंत्र ओळख मान्य होणे, हे या घटनेचे महत्त्व होय.

७. भाषा आणि लोकसंस्कृती

वसई बेटावर बोलींचे दोन ठळक पट्टे दिसतात. उत्तरेकडे नंदाखाल, वटार, निर्मळ, भुईगाव, गास या भागात सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात. तर दक्षिणेकडे वाडवळी. किनाऱ्यावर कोळी बोली आहे. खाड्या, खाजणे व वाड्यांमुळे गावांचा परस्परसंपर्क मर्यादित राहिला व काही किलोमीटरच्या अंतरात बोलींचे वेगळेपण टिकून राहिले. सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांचे लाल लुगडे ही या समाजाची दृश्य ओळख आहे. उपासनेची भाषा दीर्घकाळ लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मराठीस उपासनेत स्थान मिळाले आणि चर्च हे मराठीच्या संवर्धनाचेही केंद्र बनले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. बेटावरील एका धर्मगुरूने मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर स्थान मिळविणे, ही या भाषिक परंपरेची फलश्रुती होय.

लोकाचारातही पाणी व शेती यांचे स्थान ठळक आहे. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाच्या पूर्वसंध्येस वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची प्रथा आहे. ऑक्टोबर महिन्यात ‘आगेरा’ या सणाला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केल्या जातात. देशावरील नव्याच्या सणाशी, तसेच विवाहप्रसंगी पाणी आणण्याच्या विधींशी या प्रथांचे साम्य सहज लक्षात येते. धर्म बदलल्यानंतरही पाणी आणि पीक यांविषयीची कृतज्ञता बदलली नाही.

८. समकालीन प्रश्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रहाटाची जागा प्रथम तेलावर चालणाऱ्या इंजिनांनी व नंतर विजेच्या पंपांनी घेतली. उपशावरील स्वाभाविक मर्यादा संपली. १९८० च्या दशकात मुंबईची लोकसंख्या वसई-विरारकडे सरकू लागली. इमारतींची संख्या वाढली, पण पिण्याच्या पाण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. परिणामी बागायती पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले. शेतकऱ्यास बागेपेक्षा पाणी विकणे अधिक फायद्याचे ठरले, परंतु त्याची किंमत शेजारच्या विहिरींनी मोजली. या पार्श्वभूमीवर फादर दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून चळवळ उभारली. तिच्यात ख्रिस्ती व हिंदू शेतकरी एकत्र होते. इ.स. १९९० मध्ये सिडकोची या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली, तेव्हा हा संघर्ष अधिक तीव्र झाला.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली. अनेक गावांनी त्यास विरोध केला आणि गावे वगळण्याचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयात राहिला. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २० हजार होती. दरम्यान सूर्या प्रकल्पासारख्या दूरच्या धरणांचे पाणी शहरास मिळू लागले. नळ आल्यानंतर बावखलाची गरज संपली, असा समज पसरला. बावखल म्हणजे डासांची पैदास करणारा, कचरा टाकण्याजोगा खड्डा, असे त्याचे मूल्यमापन होऊ लागले आणि भराव टाकून भूखंड तयार करणे सोपे झाले.

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या, रेल्वे वाहतूक ठप्प झाली आणि मिठागरांत कामगार अडकून पडले. पूर्वेकडील सखल पट्टा हा मूळचा खाडीचा मार्ग होता, हे या प्रसंगाने दाखवून दिले. बेटाचे बेटपण नकाशावरून पुसले गेले तरी पावसाच्या पाण्यास जुनी वाट ठाऊक असते. त्या वाटेवरील खाजणे आणि वाड्यांतील बावखले बुजविल्यावर पाण्याने घरांत शिरणे अपरिहार्य होते.

येथे वारसा-संवर्धनाच्या धोरणातील एक विसंगती निदर्शनास येते. वसईचा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. जुन्या चर्चच्या वास्तूंची निगा धर्मग्रामस्थ आस्थेने राखतात. परंतु जो किल्ला इ.स. १७३९ नंतर ओस पडला त्यास जे कायदेशीर संरक्षण आहे, ते ज्या जलव्यवस्थेमुळे गावे टिकली तिला नाही. बहुतेक बावखले खाजगी वाड्यांत असल्यामुळे वारस वाटण्या, जमिनीचे वाढलेले भाव आणि बागायतीतील घटते उत्पन्न यांचा ताण त्यांच्यावर पडतो. शेतकऱ्याने सर्वांच्या हितासाठी बावखल राखावे आणि त्याचा भार मात्र एकट्याने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. बावखलांची गावनिहाय नोंद करणे, विकास आराखड्यात त्यांना जलाशयाचा दर्जा देणे आणि ते राखणाऱ्या धारकास करसवलत वा मोबदला देणे, या उपायांचा विचार होणे आवश्यक आहे. गावातील प्रत्येक वाडी व कुटुंब परिचित असल्यामुळे नोंदीच्या कामात धर्मग्रामे, मंदिर समित्या आणि स्थानिक महाविद्यालये यांचा सहभाग उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

१) वसई बेटावरील धर्मग्रामांचे स्थान योगायोगाने ठरलेले नसून गोड्या पाण्याच्या बागायती पट्ट्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.
२) शूर्पारकापासून इंग्रजी अमदानीपर्यंत सत्ता व बंदरे बदलली, परंतु बागायतीने बेटावरील वस्तीस सातत्य दिले.
३) इ.स. १७३९ नंतर किल्ल्यातील नगर लयास गेले व धर्मग्रामे टिकली. शरणागतीच्या अटी आणि गोमंतकीय धर्मगुरू यांच्याबरोबरच स्थानिकांच्या हाती असलेली पाणी-व्यवस्था हे त्यामागील महत्त्वाचे कारण होय.
४) धर्मांतरानंतरही बोली, शेती व लोकाचार यांतून हिंदू व ख्रिस्ती समाजांचा समान वारसा टिकून राहिला.
५) बावखले व खाजणे वगळून केवळ वास्तूंचे जतन करणारे धोरण अपुरे आहे. जलव्यवस्था हा या बेटाचा पायाभूत वारसा आहे.

समारोप

वसईचा इतिहास दगडी तटबंदीत शोधण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकांस लागली आहे. तटबंदी शत्रूला अडविण्यासाठी होती आणि अखेरीस तिला तेही साधले नाही. वाडीतील बावखलाने मात्र समुद्राचे खारे पाणी शतकानुशतके थोपवून धरले. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास जे पाणी मुळातच मिळाले नाही, ते वसईच्या शेतकऱ्याने निर्माण केले व पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. चर्चची वास्तू पडली तर ती पुन्हा बांधता येते, आणि वसईत तशा अनेक वास्तू पुन्हा बांधल्या गेल्या आहेत. भूगर्भातील गोडा थर एकदा खारा झाल्यानंतर त्याची पुनर्बांधणी कोणत्याही गवंड्यास साधणारी नाही. म्हणून धर्मग्रामाच्या वारशाची गणना चर्चच्या मनोऱ्यापासून नव्हे, तर वाडीतील पाण्यापासून सुरू होणे उचित ठरेल.